पगारपत्रकावर हेल्पर, यादीत मशिनिस्ट

प्रश्न थोडक्यात असा आहे: वय ३१. कोल्हापुरात कळंबा रोडच्या आयटीआयमधून मशिनिस्ट ट्रेड, त्यानंतर मेकॅनिकलचा डिप्लोमा. नऊ वर्षं शिरोली एमआयडीसीत. पहिली चार वर्षं ठेकेदाराच्या नावावर, पुढची पाच एका फाउंड्रीच्या मशिन शॉपमध्ये, सध्या व्हीएमसीवर (संगणकावर चालणाऱ्या उभ्या मिलिंग मशिनवर) सेटर. लग्न झालंय, पत्नी बी.कॉम. राजारामपुरीतला एक एजंट म्हणतो, ‘तुमचा जॉब ऑस्ट्रेलियाच्या लिस्टमध्ये आहे, साडेचार लाख भरा, वर्षात पीआर, म्हणजे तिथे कायम राहायचा परवाना. ते नको असेल तर कॅनडा किंवा जर्मनी करून देतो.’ पैसे भरू का?

पैसे आत्ता भरू नका. तुमचा व्यवसाय यादीत आहे हे एजंटचं वाक्य खरं आहे, आणि खरं आहे म्हणूनच माणूस त्याला भुलतो. यादीपासून पीआरपर्यंत मध्ये काही पायऱ्या आहेत. त्या त्याने सांगितल्या नाहीत, आणि आपल्याकडच्या मुलांचे पैसे नेमके त्याच पायऱ्यांवर सांडतात. मी आधी सहा वर्षं शिरोलीतल्याच एका कारखान्यात टाइम ऑफिसला होते. मस्टर, पगारपत्रकं, पीएफचे चलन, सगळं हाताखालून गेलं. त्यानंतरची सतरा वर्षं परदेशी जाणाऱ्यांच्या कौशल्य मूल्यांकनाच्या फायली बांधतेय. कागद कुठे फाटतो ते दोन्ही बाजूंनी पाहिलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ऑस्ट्रेलियात प्रत्येक व्यवसायाला सहा आकडी कोड असतो. या वर्गीकरणाला ॲन्झस्को म्हणतात. तुमचा कोड ३२३२१४, मेटल मशिनिस्ट फर्स्ट क्लास. त्याच्या आजूबाजूला ३२३२११ फिटर जनरल, ३२३२१२ फिटर अँड टर्नर, ३२२३१३ वेल्डर फर्स्ट क्लास, ३२२३११ मेटल फॅब्रिकेटर. मोल्डिंगवाल्यांसाठी ३२२११४ मेटल कास्टिंग ट्रेड्स वर्कर आहे आणि पॅटर्न शॉपवाल्यांसाठी ३२३४११ इंजिनिअरिंग पॅटर्नमेकर. शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या पंचतारांकित वसाहतीत सकाळी साडेसातला गेटातून आत शिरणाऱ्यांतली कितीतरी माणसं या सात आकड्यांत बसतील. पण वर्गीकरणात कोड असणं आणि व्हिसाच्या यादीत तो असणं यात फरक आहे. शिवाय यादीही एकच नाही. १८९ या स्वतंत्र पीआर व्हिसाची यादी निराळी. मालकाने बोलावून नेण्याच्या ४८२ व्हिसासाठी ७ डिसेंबर २०२४ पासून ‘कोअर स्किल्स’ नावाची ४५६ व्यवसायांची यादी लागू झाली. त्यावर प्रत्येक राज्याच्या आपापल्या याद्या, आणि त्या वर्षागणिक बदलतात. मशिनिस्ट पहिल्या दोन्हींत आहे, तेवढं तुमचं नशीब चांगलं. मोल्डर किंवा पॅटर्नमेकर असता तर प्रत्येक यादी वेगळी उघडून बघायला लावली असती.

आता खरी गोष्ट. यादी तुमचा हुद्दा वाचत नाही, तुम्ही दिवसभर हाताने काय करता ते वाचते. मेटल मशिनिस्टची व्याख्या साधारण अशी आहे: तपशीलवार ड्रॉइंग वाचून, मशिन टूल सेट करून आणि चालवून, धातूचा किंवा कास्टिंगचा जॉब बारीक टॉलरन्समध्ये आणणारा. कास्टिंग हा शब्द त्या व्याख्येतच आहे, त्यामुळे आपल्या मुलांना ती अंगाला माप घेऊन शिवल्यासारखी वाटते. पण आपल्याकडे ‘सीएनसी ऑपरेटर’ या एका नावाखाली दोन वेगळी माणसं काम करतात. एक जॉब क्लॅम्प करतो, दार लावतो, सायकल स्टार्ट दाबतो, जॉब उतरवून गेजमध्ये घालून बघतो आणि गेला नाही तर सेटरला हाक मारतो. दुसरा म्हणजे तो सेटर. फिक्श्चर बसवणं, डेटम घेणं, टूल ऑफसेट टाकणं, प्रोग्रॅममध्ये दुरुस्ती करणं, पहिला जॉब क्वालिटीकडून पास करून घेणं त्याच्याकडे. दोघांच्या ओळखपत्रावर ‘ऑपरेटर’च असतं. यादीच्या लेखी मात्र पहिला मशिन ऑपरेटर आहे, म्हणजे कौशल्याच्या खालच्या पातळीवर, आणि दुसरा मशिनिस्ट. तुम्ही सेटर आहात, म्हणजे काम योग्य कोडचं आहे. किती वर्षांपासून सेटर आहात, हा पुढचा प्रश्न.

इथे माझी एक चूक सांगते, कारण तुमचाही डिप्लोमा आहे आणि तुम्हालाही तोच मोह दाखवला जाईल. सुरुवातीच्या वर्षांत एक मुलगा आला होता, तुमच्यासारखाच आयटीआय अधिक डिप्लोमा. मी त्याला मेकॅनिकल इंजिनिअरिंग टेक्निशियनचा कोड घ्यायला लावला. डिप्लोमा आहे, वरचं पद दिसतंय, मग खाली कशाला उतरायचं, असं वाटलं. त्याचं रोजचं काम मात्र पूर्णपणे मशिनवरचं होतं. मूल्यांकन नापास झालं, फी गेली, आठ महिने गेले. त्या आठ महिन्यांत त्याचं वय पुढच्या गटात गेलं आणि गुणही घटले. तो दोष माझा होता. त्यानंतर मी कुणाचं प्रमाणपत्र आधी बघत नाही. आधी विचारते, काल कामावर गेल्यापासून सुटेपर्यंत काय केलंत ते तासातासाने सांगा.

मूल्यांकन ही पहिली मोठी पायरी. धातूकामाच्या ट्रेडसाठी ते ट्रेड्स रेकग्निशन ऑस्ट्रेलिया या सरकारी संस्थेच्या ऑफशोअर कार्यक्रमातून होतं. भारतीय पासपोर्ट आणि मशिनिस्ट ट्रेड ही जोडी त्यात येते. रीतसर प्रशिक्षण असेल तर त्या कामाचा किमान तीन वर्षांचा पूर्णवेळ पगारी अनुभव लागतो, नसेल तर पाच वर्षांचा. शिवाय गेल्या तीन वर्षांत किमान बारा महिने तेच काम केलेलं हवं. आधी कागद तपासतात, मग व्हिडिओवर तांत्रिक मुलाखत होते आणि ती इंग्रजीत असते.

या मुलाखतीत आपली मुलं का अडखळतात ते एकदा समोर बघितलं. गोकुळ शिरगावातला एक सेटर माझ्या टेबलापाशी बसला होता. मी म्हटलं, नवा जॉब मशिनवर कसा लावतोस ते सांग. त्याने टेबलावरचा स्टीलचा पेला उचलला, उपडा धरला, तीन बोटं त्याच्या बुडाला टेकवली आणि म्हणाला, ‘मॅडम, हे तीन पॉइंट बसले का पहिलं बघायचं. डोळ्यानं न्हाई, फिलर घालून. मग डायल फिरवायचा. कास्टिंगला वाळू चिकटलेली असली तर इथंच मार खातोय माणूस.’ इतकं नेमकं की मी लिहून घेतलं. मग म्हटलं, हेच इंग्रजीत सांग. तिसऱ्या वाक्याला थांबला आणि पेला खाली ठेवला. त्याच्या ज्ञानात कणभर कमी नव्हती, तोंडाला शब्द नव्हते. दीड महिना रोज संध्याकाळी त्याने स्वतःच्या मशिनचं वर्णन मोबाइलमध्ये रेकॉर्ड केलं. व्याकरण कच्चं राहिलं, पण परीक्षकाला काम कळलं आणि तो पास झाला. तुम्हीही हे आजपासून सुरू करा, त्याला एक रुपया लागत नाही.

कागदांवर जास्त लिहिते, कारण तुमचं प्रकरण तिथेच अडणार आहे. तुमची पहिली चार वर्षं ठेकेदाराकडे गेली. त्या काळातलं पीएफ पासबुक उघडा. एस्टॅब्लिशमेंटच्या रकान्यात कुणाचं नाव आहे? बहुतेक ठेकेदाराचं असेल, फाउंड्रीचं नसेल. अनुभवपत्र मात्र फाउंड्रीच्या लेटरहेडवर आणाल आणि त्यात ‘२०१६ पासून आमच्याकडे मशिनिस्ट’ असं लिहून घ्याल. तपासणारा हे दोन कागद शेजारी ठेवतो, आणि तिथे नाव जुळलं नाही की त्याच्या मनात शंका शिरते. दुसरी अडचण पगारपत्रकाची. आमच्या टाइम ऑफिसात मी स्वतः कित्येक नावांपुढे ‘हेल्पर’ किंवा ‘अनस्किल्ड’ लिहिलंय, कारण किमान वेतनाच्या कोष्टकात ठेकेदाराने माणसाला त्याच रकान्यात घातलेलं असायचं. माणूस व्हीएमसी चालवतोय आणि कागद त्याला हेल्पर म्हणतोय. परवाच एक जण म्हणाला, ‘कागदावर हेल्पर असलो म्हणून काय झालं, काम तर मीच करतोय की.’ त्याचं म्हणणं सोळा आणे खरं आहे. पण मेलबर्नमध्ये बसून फाइल उघडणाऱ्याने त्याला काम करताना पाहिलेलं नाही.

यावर उपाय खोटं पत्र हा नाही. उपाय आहे खरी गोष्ट पूर्ण लिहून घेणं. पत्रात स्पष्ट लिहा की अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत हे ठेकेदार अमुक यांच्या पटावर होते, प्रत्यक्ष काम आमच्या मशिन शॉपमध्ये केलं, आमच्या सुपरवायझरच्या हाताखाली. ठेकेदाराकडूनही तसंच पत्र घ्या. ठेकेदार सापडत नसेल तर पीएफची सर्व्हिस हिस्टरी, ईएसआयचं कार्ड, बँकेत पगार जमा झाल्याचं स्टेटमेंट आणि फॉर्म १६ असेल तर तो जोडा. कारखान्याचा गेटपास, शिफ्टचा तक्ता, तुमच्या सहीचे इन्स्पेक्शन रिपोर्ट, ट्रेनिंगची हजेरी हेही चालतं. मशिनवर काम करतानाचे फोटो आणि व्हिडिओ मागितले जातात. ते काढताना मालकाची परवानगी घ्या आणि गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग चौकटीत येऊ देऊ नका. नाहीतर असलेली नोकरीही धोक्यात येते. आयटीआयचं नॅशनल ट्रेड सर्टिफिकेट आणि डिप्लोमाची प्रत्येक सत्राची गुणपत्रिका मूळ स्वरूपात हवी. नावाचं स्पेलिंगही आत्ताच तपासा. दहावीच्या कागदावर एक, आधारवर दुसरं आणि पासपोर्टवर तिसरं, ही आपल्याकडची घरोघरची कथा आहे. अर्ज गेल्यावर ते दुरुस्त करत बसायला महिने जातात.

अनुभवपत्रात कामाचं वर्णन लिहून घेताना व्याख्येतली वाक्यं उतरवून काढू नका. तसली पत्रं तपासणारा रोज वाचतो. ‘विविध मशिन टूल्सवर अचूक कामे करतात’ असलं लिहू नका. लिहा की अमुक मेकच्या व्हीएमसीवर, अमुक कंट्रोलवर, ट्रॅक्टरच्या गिअर हाउसिंगचे जॉब करतात, बोअरचा टॉलरन्स इतका इतका, मोजायला बोअर गेज आणि मायक्रोमीटर वापरतात, प्रोग्रॅममधली दुरुस्ती स्वतः करतात, हाताखाली इतकी माणसं. उद्यमनगरातल्या लहान वर्कशॉपचे मालक अशी पत्रं लिहायला कचरतात, त्यांना वाटतं आपण कशात तरी अडकू. त्यांना समोर बसून समजावावं लागतं. तुम्हीच मसुदा करा, त्यांना वाचून दाखवा, आणि जे खरं नाही ते त्यांच्यासमोरच खोडा. मालकाचा विश्वास त्यानेच बसतो.

आणि फोन येतो, हे लक्षात ठेवा. एका मुलाच्या कारखान्यात पडताळणीचा फोन गेला तो जेवणाच्या सुट्टीत. उचलला मालकाच्या मुलाने. पलीकडून पासपोर्टवरचं पूर्ण नाव विचारलं. हा म्हणाला, असा कोणी आमच्याकडे नाही. त्या मुलाला सगळा कारखाना दहा वर्षं पिंट्या म्हणून ओळखत होता. सुदैवाने पुन्हा लेखी खुलासा करायची संधी मिळाली आणि ते निस्तरलं. तेव्हापासून मी सांगते, पत्रावर ज्याचा नंबर देणार त्याला तुमचं पासपोर्टवरचं नाव, रुजू झाल्याची तारीख आणि काम एका कागदावर लिहून देऊन ठेवा.

खोट्या कागदाबद्दल एकदाच आणि स्पष्ट सांगते. ऑस्ट्रेलियाला बनावट कागद किंवा खोटी माहिती दिल्याचं सापडलं तर व्हिसा नाकारला जातो आणि साधारण तीन वर्षं पुन्हा दार बंद होतं. ओळखच खोटी निघाली तर दहा वर्षं. कॅनडात पाच वर्षांची बंदी आहे. तो डाग बायकोच्या आणि मुलांच्या अर्जालाही लागतो. एजंट ‘अनुभव आम्ही मॅनेज करतो’ म्हणाला तर त्याच क्षणी खुर्चीतून उठा. सही तुमची असते, त्याची नसते.

आता गुणांचा हिशेब. १८९, १९० (राज्याच्या नामांकनाचा पीआर) आणि ४९१ (रिजनल भागाचा) या तिन्ही व्हिसांना किमान ६५ गुण लागतात आणि आमंत्रणाच्या दिवशी वय ४५ च्या आत लागतं. तुमचं वय ३१, म्हणजे ३० गुण. हे ३० गुण तेहतिसाव्या वाढदिवसापर्यंतच आहेत, त्या दिवशी ते २५ होतात. ट्रेडची पात्रता मान्य झाली तर १०. अनुभव नऊ वर्षांचा असला तरी तो पूर्ण धरला जाणार नाही. मूल्यांकन करणारी संस्था तुम्हाला ज्या तारखेपासून कुशल मानेल त्यानंतरचाच अनुभव मोजतात, तोही गेल्या दहा वर्षांतलाच. तीन वर्षं वजा गेली तर सहा उरतात. पाच ते आठ वर्षांच्या आतल्या परदेशी अनुभवाला १० गुण. आयईएल्टीएस या इंग्रजीच्या परीक्षेला प्रत्येक भागात ६ आले तर पात्रता मिळते, गुण शून्य. प्रत्येक भागात ७ आले तर १०, प्रत्येकी ८ ला २०. पत्नीने परीक्षा देऊन प्रत्येक भागात ६ आणले तर तुम्हाला ५. सगळं मनासारखं जुळलं तर ३०, १०, १०, १० आणि ५, म्हणजे बरोब्बर ६५. ठेकेदाराकडची चार वर्षं मान्य झाली नाहीत तर याच हिशेबाने दोनच वर्षं उरतात आणि अनुभवाचे गुण शून्यावर येतात. म्हणून त्या चार वर्षांच्या कागदांवर इतकं लिहिलं.

६५ हा उंबरठा आहे. आत कोणाला बोलवायचं ते गुणांच्या रांगेने ठरतं. ट्रेडवाल्यांना कधीकधी ६५ वरही आमंत्रण येतं, अकाउंटंट किंवा आयटीवाल्यांना त्याहून बरेच जास्त लागतात. राज्याने १९० साठी नामांकन दिलं तर ५ गुण वाढतात, ४९१ साठी दिलं तर १५. म्हणजे तुमचे ८०. ४९१ हा पाच वर्षांचा तात्पुरता व्हिसा आहे. रिजनल भागात राहून काम करायचं आणि तीन वर्षं झाली की १९१ या पीआरसाठी अर्ज करता येतो. रिजनल म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर ओसाड माळरान येतं. प्रत्यक्षात सिडनी, मेलबर्न आणि ब्रिस्बेन सोडून सगळं रिजनल धरलं जातं, पर्थ आणि ॲडलेडसुद्धा. मशिनिस्टला काम मिळण्याच्या दृष्टीने मला तर हीच वाट जास्त भरवशाची वाटते.

आणखी एक, जे एजंट कधी सांगत नाही. मूल्यांकन पास झाल्यावर सरकारच्या स्किलसिलेक्ट पोर्टलवर जो अर्ज भरतात त्याला ‘एक्स्प्रेशन ऑफ इंटरेस्ट’ म्हणतात. तो फुकट आहे, दोन वर्षं चालतो आणि एका संध्याकाळी भरून होतो. तो म्हणजे व्हिसाचा अर्ज नव्हे, रांगेत नाव लावणं आहे. ‘तुमची फाइल लॉज केली, आता दुसरा हप्ता द्या’ असं सांगतात तेव्हा पुष्कळदा एवढंच झालेलं असतं. लॉगिन आणि पासवर्ड स्वतःच्या ईमेलवर, स्वतःच्या ताब्यात ठेवा.

मालकाकडून जायची वाट ४८२ व्हिसाची. त्याचं नाव आता स्किल्स इन डिमांड. अनुभवाची अट दोन वर्षांवरून एक वर्षावर आली आहे, इंग्रजी आयईएल्टीएसला प्रत्येक भागात ५ असलं तरी भागतं. अनेक ट्रेडच्या भारतीय उमेदवारांना मूल्यांकन याही वाटेवर द्यावं लागतं. मालकाला किमान पगार द्यावा लागतो. तो आकडा जुलै २०२५ मध्ये वर्षाला ७६,५१५ ऑस्ट्रेलियन डॉलर झाला आणि दर जुलैत वाढतो. दोन वर्षं काम केल्यावर मालकाने नामांकन दिलं तर १८६ या पीआरकडे जाता येतं. नोकरी सुटली तर नवा मालक शोधायला सलग १८० दिवस मिळतात, ही सुधारणा २०२४ ची. पूर्वी मुदत फक्त ६० दिवस होती आणि माणसं वाटेल तो अन्याय गिळून तिथेच राहायची. सर्वात महत्त्वाचं, स्पॉन्सरशिपच्या बदल्यात कामगाराकडून पैसे घेणं ऑस्ट्रेलियात २०१५ पासून गुन्हा आहे. ‘मालकाला दहा लाख द्यावे लागतील’ असं कोणी म्हणालं तर ते व्हिसाचं दुकान समजा.

याद्या कशा फिरतात याचं एक उदाहरण. न्यूझीलंडच्या ग्रीन लिस्टमध्ये, म्हणजे माणसांचा तुटवडा असलेल्या व्यवसायांच्या यादीत, वेल्डर, फिटर आणि टर्नर घ्यायचं ठरलं होतं. एप्रिल २०२४ मध्ये तिथल्या सरकारने तो बेत रद्द केला. त्या भरवशावर नोकरी सोडून इंग्रजीच्या क्लासला बसलेली दोन मुलं माझ्याकडे आली होती. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये फिटर, वेल्डर, मेटल मशिनिस्ट यांना त्या यादीत जागा मिळाली. तोवर एक जण चाकणला गेला होता, दुसऱ्याची परीक्षेची मुदत संपत आली होती. म्हणून मी सांगते, आजच्या यादीवर नोकरी सोडू नका, फाइल मात्र आजच बांधा. अनुभव, इंग्रजी आणि कागद तयार असले की यादी उघडते त्या दिवशी तुम्ही दारात उभे असता.

बाकीचे देश थोडक्यात. ब्रिटन तुमच्यासाठी सध्या जवळपास बंद आहे. २२ जुलै २०२५ पासून स्किल्ड वर्कर व्हिसाला पदवीच्या पातळीचं काम लागतं आणि सर्वसाधारण पगाराची अट ४१,७०० पौंडांवर गेली आहे. काही व्यवसायांना तात्पुरती सवलत आहे, पण त्यावर आयुष्याचा बेत आखू नये. कॅनडात एक्स्प्रेस एंट्री या गुणांवर निवड करणाऱ्या पद्धतीतून ट्रेडवाल्यांसाठी वेगळ्या फेऱ्या निघतात. तिथला कोड पाच आकडी, मशिनिस्टचा ७२१००. पण फेडरल स्किल्ड ट्रेड्स या तिथल्या योजनेतून जायला तिथली नोकरीची ऑफर किंवा एखाद्या प्रांताचं ट्रेड प्रमाणपत्र लागतं. शिवाय मार्च २०२५ पासून नोकरीच्या ऑफरचे जादा गुणही काढून टाकले आहेत. त्यामुळे ‘ऑफर लेटर विकत घ्या, गुण वाढतील’ हा धंदा आता निव्वळ फसवणूक आहे.

जर्मनीचा विचार मात्र तुम्ही गंभीरपणे करावा असं मला मनापासून वाटतं. तिथे ट्रेडला मान आहे आणि मेटल कटिंगवाल्या माणसाची गरजही आहे. तिथलं प्रशिक्षण आणि तुमचं प्रशिक्षण यांची तुलना न्यूरेंबर्गची आयएचके फोसा ही संस्था करते. पूर्ण समतुल्य ठरलात तर कुशल कामगाराचा व्हिसा, थोडं कमी पडलात तर तिथे जाऊन ते भरून काढायची सोय. १ जून २०२४ पासून चान्सेनकार्टे आहे, म्हणजे नोकरी शोधायला वर्षभर जाण्याचा परवाना. त्याला स्वदेशात मान्यता असलेलं किमान दोन वर्षांचं प्रशिक्षण लागतं. मशिनिस्ट, फिटर, टर्नर हे आयटीआयचे ट्रेड दोन वर्षांचे असल्याने बसतात. वेल्डर एका वर्षाचा, तो इथेच अडतो. ही बाब मला दर महिन्याला कुणाला तरी सांगावी लागते आणि सांगताना वाईट वाटतं. चान्सेनकार्टेला जर्मनची ए १ किंवा इंग्रजीची बी २ पातळी पुरते, पण शॉप फ्लोअरवर फोरमन इंग्रजी बोलणार नाही. बी १ पर्यंत शिकूनच निघा. वर्ष जाईल, पण ते वर्ष कामी येईल. महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला आहे, त्याखालच्या जाहिरातींवरही लक्ष ठेवा.

तुमच्या एजंटला मी चार प्रश्न विचारले असते. ऑस्ट्रेलियाच्या स्थलांतर एजंटांच्या सरकारी नोंदवहीत तुमचा नंबर कोणता? ती नोंदवही कुणालाही इंटरनेटवर उघडून बघता येते. भारतात बसून सल्ला देणाऱ्याला ती नोंद सक्तीची नाही, पण ज्याच्याकडे आहे त्याला तिकडच्या शिस्तीचा धाक असतो. दुसरा, साडेचार लाखांत मूल्यांकनाची फी, आयईएल्टीएस आणि व्हिसाची सरकारी फी किती आणि तुमचा मेहनताना किती, हे लिहून द्याल का? तिसरा, कोणता कोड, कोणता व्हिसा आणि त्यात माझे गुण किती? चौथा, मूल्यांकन नापास झालं तर काय? नोकरीच मिळवून देतो म्हणाला तर पाचवाही: १९८३ च्या एमिग्रेशन (देशाबाहेर जाण्याच्या) कायद्याखाली भरतीचं लायसन्स आहे का? ते ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासता येतं, आणि असा परवानाधारक कामगाराकडून ३० हजार रुपये अधिक जीएसटी याहून जास्त सेवाशुल्क घेऊ शकत नाही. आखातात जाणाऱ्या आपल्या कित्येक मुलांना हा आकडाच माहीत नसतो.

तुम्ही आता एवढं करा. या आठवड्यात पीएफची पूर्ण सर्व्हिस हिस्टरी काढा आणि शेजारी कोऱ्या कागदावर नऊ वर्षांतला प्रत्येक महिना लिहा: कुठे, कुणाच्या पटावर, कोणत्या मशिनवर. ज्या महिन्यांना कागद नाही त्यांच्यापुढे खूण करा. ठेकेदार अजून शिरोलीतच असेल तर रविवारी त्याला भेटा, सोबत पत्राचा मसुदा न्या. सध्याच्या फाउंड्रीत एचआरला विचारा की सेटर म्हणून बढतीचं पत्र निघालं होतं का. निघालं असेल तर त्याची तारीख तुमच्या सगळ्या फाइलचा कणा आहे. पत्नीला सांगा, आयईएल्टीएसची तयारी दोघांनी बरोबरच सुरू करायची. तेहतीस पूर्ण व्हायला तुम्हाला दोन वर्षंही नाहीत आणि त्यातलं जवळपास एक वर्ष मूल्यांकन खाईल. खुणा केलेला तो कागद आधी दाखवा, मग कोड पक्का करू.